नमस्काराचा अधिकार

पेशवेकालीन दफ्तरातील कोणतेही पत्र हाती घेतले, तर त्यातील मजकुराशी परिचय होण्याच्या आधी त्याच्या मायन्याशी परिचय होतो, आणि ज्याला हा मायना वाचता येतो त्याला पत्र लिहिणारा कोण, ज्याला लिहिले तो कोण, दोघांमध्ये वयाने, वर्णाने, हुद्द्याने आणि नात्याने अंतर किती, हे पुढील एक ओळही न वाचता समजून येते. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, विद्वान ब्राह्मणास ‘वेदशास्त्रसंपन्न’, बरोबरीच्या प्रतिष्ठितास ‘राजमान्य राजश्री’, थोर सरदारास ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’, विधवा स्त्रीस ‘गंगाभागीरथी’, अशी ही उतरंड होती. मायन्यानंतर येणारा ‘आशीर्वाद’, ‘नमस्कार’ किंवा ‘दंडवत’ हाही लेखकाच्या मर्जीचा विषय नव्हता. कोणी कोणास काय लिहावे, याचा शिरस्ता पक्का होता. पत्रलेखनाचे हे नियम सांगणारा ‘मेस्तक’ नावाचा ग्रंथ यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर परंपरेने चालत आला आहे, आणि चिटणिशी शिकणाऱ्या उमेदवाराला अक्षर वळविण्याइतकीच मायने पाठ करण्याची तालीम घ्यावी लागे.

बोलताना दुसऱ्याच्या मनाचा विचार करावा, अमुक शब्द वापरू नये, अमुक समाजाचा उल्लेख अमुक रीतीने करावा, असा आग्रह आज कोणी धरला की ‘पूर्वी माणसे मोकळेपणाने बोलत, हे नवे सोवळे कोठून आले’ अशी तक्रार सुशिक्षितांच्या बैठकींतही ऐकू येते. महाराष्ट्राचा इतिहास या तक्रारीला पुष्टी देत नाही. शब्दांवरचा पहारा या भूमीत शेकडो वर्षांचा आहे. दरबार, धर्मपीठ, जातपंचायत आणि गावकी यांनी तो कडेकोट ठेवला होता, आणि त्याचा फटका नेहमी खालच्या बाजूस उभ्या असलेल्यांना बसत होता. ज्यांना मोकळेपणाने बोलता येत होते, त्यांना तो मोकळेपणा इतरांच्या तोंडावर बसविलेल्या कुलुपांमुळे लाभला होता, हे मागील अडीचशे वर्षांचे कागद स्वच्छपणे सांगतात.

नारायणराव पेशव्यांची कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची. १७७२ च्या अखेरीस ते गादीवर आले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. एवढ्या अल्प अवधीत आणि राज्याची सारी सूत्रे डळमळीत असताना दरबाराला ज्या कामासाठी सवड मिळाली, त्यांतील एक चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या आचाराचे होते. शिवछत्रपतींच्या काळापासून लेखणी आणि तलवार या दोहोंनी राज्याची सेवा केलेल्या या ज्ञातीकडून नऊ कलमे मान्य करून घेण्यात आली. वेदमंत्रांनी कर्मे करू नयेत, श्राद्धात भाताचे पिंड करू नयेत, अशा धार्मिक निर्बंधांच्या रांगेत एक कलम अभिवादनाचे आहे: प्रभूंनी ब्राह्मणांस आणि आपसांतही ‘दंडवत’ म्हणावे, आणि ते ऐकू जाईल असे म्हणावे. इतर बहुतेक कलमे घरातील देवघर आणि श्राद्धाची पाने यांच्यापुरती आहेत, त्यांची तपासणी कोणी करावयाची ठरविली तरी वर्षातून दोन-चार प्रसंगी होणार. परंतु अभिवादन हे रस्त्यावर, कचेरीत, देवळाच्या पायरीवर दिवसातून अनेकवार घडते, आणि मोठ्याने म्हणण्याच्या अटीमुळे प्रत्येक वेळी माणूस आपल्या पायरीची जाहीर कबुली देत राहतो. राज्यकर्त्यांना हे पुरते उमजले होते. धर्माच्या बाकीच्या बाबतींत जे पहारेकरी नेमून साधले नसते, ते या एका शब्दाने साधत होते.

सहा वर्षांनी हाच प्रश्न मुंबईत उभा राहिला. दैवज्ञ सोनारांनी ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसण्यास आणि परस्परांस ‘नमस्कार’ म्हणण्यास आरंभ केला होता, त्यावरून पुण्याच्या बाजूने उठलेला वाद समुद्रकाठच्या इंग्रजी वसाहतीपर्यंत पोहोचला, आणि ऑगस्ट १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने ठराव करून सोनारांस ‘नमस्कार’ या अभिवादनाची मनाई केली. वडगावच्या लढाईला त्या वेळी वर्षही झालेले नव्हते. पुणे आणि मुंबई ही दोन्ही ठाणी एकमेकांशी युद्धात गुंतलेली होती, तरी सोनाराने दुसऱ्या सोनाराला भेटल्यावर हात जोडून काय म्हणावे, या बाबतीत दोघांचे एकमत झाले. परक्या व्यापाऱ्यांना या देशातील अभिवादनांचे सूक्ष्म भेद समजण्याचे काही कारण नव्हते. त्यांना एवढेच समजले की हा शब्द एका वर्गाचा इजारा आहे, आणि इजारा राखून देणे हा तर त्यांचा व्यवसायच होता. ज्या शब्दाने आज शाळेतले मूल गुरुजींना, दुकानदार गिऱ्हाइकाला आणि वृत्तनिवेदक लक्षावधी प्रेक्षकांना अभिवादन करतो, त्या शब्दासाठी सरकारी मनाईहुकूम निघाला होता, ही गोष्ट मराठी शाळांच्या इतिहासाच्या पुस्तकात असावी असे मला मनापासून वाटते.

सोनार आणि प्रभू यांची गोष्ट निदान कागदावर आली, कारण ते लिहिणारे, धन बाळगणारे, दाद मागू शकणारे लोक होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला असा तहनामाही करून द्यावा लागला नाही. त्याचे अभिवादन ‘जोहार’ हे ठरलेलेच होते. ते कमरेत वाकून, दुरून करावयाचे, आणि समोरच्याने त्याला उत्तर देणे बंधनकारक नव्हते. ‘रामराम’ला ‘रामराम’ मिळतो, ‘नमस्कार’ला ‘नमस्कार’ मिळतो. जोहार एकाच दिशेने जात असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार चित्र आहे, ते वाचताना असे जाणवते की, बलुत्याचे धान्य जसे हक्काचे असूनही याचनेच्या रीतीने घ्यावे लागे, तसेच गावातील भाषेचे होते. पाटलाच्या घरचे आठ वर्षांचे पोर महारवाड्यातील साठीच्या म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणून हाक मारी, आणि म्हातारा त्याला ‘जी’ म्हणून ओ देई. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि पुढे १८५७ मध्ये वाढवून काढलेल्या कोशात जातींच्या नावांवरून बनलेल्या म्हणी, शिव्या आणि उपहासाचे वाक्प्रचार जागोजाग नोंदलेले आहेत. कोशकाराने ते तोंडातोंडी ऐकून प्रामाणिकपणे उतरून घेतले. त्यांतील कितीतरी आजही निर्दोष समजून वापरले जातात, आणि ज्याच्या जातीवरून ते बनले तो शेजारी बसलेला असताना वापरले जातात.

जोहाराची एक दुसरी परंपराही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी चौदाव्या शतकात हेच अभिवादन विठ्ठलापुढे नेले, गावच्या महाराने धन्यापुढे ज्या शब्दांत आपला हिशेब रुजू करावा त्याच शब्दांत देवापुढे आपले गाऱ्हाणे मांडले; आणि दोनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथांनी, जे स्वतः ब्राह्मण होते, महाराच्या मुखाने बोलणारी ‘जोहार’ नावाची भारुडे रचून अपमानाचा तो शब्द कीर्तनाच्या रंगणात उभा केला. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि सर्वांना एकच संबोधन लावतात, ‘माउली’. तेथे मायना नाही, पायरी नाही, वय नाही. आषाढ शुद्ध एकादशी आटोपून तीच माणसे आपापल्या गावी परतली की वेशीवर जुनी संबोधने पुन्हा चालू होत, ही वारकरी पंथाची फार मोठी शोकांतिका आहे. तथापि वर्षातील काही दिवस का होईना, समतेच्या भाषेचा सराव या मातीत शतकानुशतके चालू होता, आणि पुढील काळातील सुधारकांना ती भाषा अगदीच परकी वाटली नाही, याचे श्रेय त्या वाटेला दिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेला पहिला तडा लष्कराने दिला. कोरेगावच्या भीमातीरावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे स्मारक म्हणून इंग्रजांनी जो स्तंभ उभारला, त्यावर मृतांच्या यादीत ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली अनेक नावे कोरलेली आहेत. तो प्रत्यय महार शिपायांच्या नावांना लागत असे. हे इंग्रजांचे औदार्य नव्हते, त्यांचा शिरस्ता होता. पण ज्यांची नावे गावच्या कागदात बहुधा कामाच्या निमित्ताने येत, त्यांची नावे दगडावर मानाने कोरली गेली, हा भेद त्यांच्या वंशजांनी बरोबर ओळखला. शिपायाला हुद्दा मिळे, आणि हुद्द्याबरोबर हाकेचा एक नवा शब्द मिळे. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे ‘सुभेदार’ झाले; छावणीत आणि पेन्शनीनंतरही त्यांना त्या नावाने ओळखले गेले, आणि त्या संबोधनाला गावकीच्या शब्दभांडारात जोड नव्हती. १८९० च्या सुमारास लष्कराने महारांची भरती बंद केली, तेव्हा पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांपासून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत अनेकांनी अर्जविनंत्या केल्या. त्यांचा तळमळीचा विषय रोजगाराइतकाच ह्या मानाचाही होता, असे ते अर्ज वाचणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

याच पिढीपासून या समाजाने आपले नाव आपण ठरविण्यास सुरुवात केली. कांबळ्यांनी १९०८ मध्ये काढलेल्या पत्राचे नाव ‘सोमवंशीय मित्र’ होते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या मिशनला मराठीत ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ म्हटले गेले. त्यातील कळकळ खरी होती, पण नाव देणारा आश्रय देणाराच राहिला. डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ ही नावे योजली, तेव्हा एक वेगळीच भूमिका पुढे आली. ‘बहिष्कृत’ हे विशेषण ऐकणाऱ्याला सुखावीत नाही; ते त्याला विचारते की बहिष्कार घातला कोणी? आपल्या दुःखाचे नाव घेताना त्या दुःखाच्या कर्त्याकडे बोट राहील अशी काळजी या नावांत घेतलेली आहे.

१९३२ च्या पुणे करारानंतर महात्मा गांधींनी ‘हरिजन’ हा शब्द देशभर रूढ केला. त्या नावाचे साप्ताहिक फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्याहूनच निघू लागले. गांधींच्या हेतूविषयी शंका घेणे अनुचित आहे. शब्द गोड होता, भक्तिपरंपरेतून आलेला होता, आणि शिवीच्या जागी देवाचे नाव ठेवण्याची त्यामागील भावना निर्मळ होती. परंतु जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने लोकल बोर्डांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने हे नाव कायद्यात घालण्याचे ठरविले, तेव्हा नाशिकचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, ज्यांना पुढे महाराष्ट्र दादासाहेब म्हणून ओळखू लागला, यांनी विरोध केला. ज्यांना हे नाव लावावयाचे त्यांच्या प्रतिनिधींनाच ते नको आहे, हे सांगूनही बहुमताने ते नाव संमत झाले, आणि आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सहकाऱ्यांसह सभागृहातून बाहेर पडले.

या प्रसंगाचे महत्त्व मला १७७९ च्या मनाईहुकुमाहून कमी वाटत नाही, आणि दोन्ही प्रसंग एकाच सूत्राने बांधलेले आहेत असे मी मानतो. पहिल्यात एक समाज स्वतःसाठी मानाचा शब्द निवडतो आणि सरकार तो हिरावून घेते. दुसऱ्यात सरकार एका समाजाला मानाचा शब्द देऊ करते आणि तो समाज नाकारतो, तरी सरकार तो त्याच्या कपाळी लावते. कटुता आणि माधुर्य हा या वादातील गौण भाग आहे. संबोधन ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे; आणि कोणाविषयी आदराने बोलावे असे ज्याला खरोखर वाटते त्याने आपल्याला कोणता शब्द गोड वाटतो हे बाजूस ठेवून, त्या माणसाने स्वतःला काय म्हणवून घेतले आहे हे प्रथम विचारले पाहिजे. जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ लिहू नये अशी सूचना केंद्र सरकारने राज्यांना १९८२ मध्ये दिली. सभात्यागापासून या सूचनेपर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली.

सभागृहात हरलेली ही बाजू त्याच सुमारास रस्त्यावर जिंकत होती. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास, ज्यांचे पूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे, हे विडी कामगारांचे संघटक होते, १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांताच्या विधानसभेवर निवडून आले होते, आणि १९३९ मध्ये वयाच्या पस्तिशीत निवर्तले. एवढ्या थोड्या आयुष्यात त्यांनी आपल्या लोकांना जे दिले ते कोणत्याही कायद्याने दिलेले नाही. १९३५ च्या सुमारास त्यांनी ‘जयभीम’ हे अभिवादन प्रचारात आणले. भेटणाऱ्याने ‘जयभीम’ म्हणावे आणि समोरच्यानेही ‘जयभीम’ म्हणावे: तोच शब्द, त्याच उंचीवर, त्याच आवाजात. जोहाराला नसलेली परतफेड या अभिवादनात आली. त्यासाठी वाकावे लागत नाही, पादत्राणे काढावी लागत नाहीत, कोण मोठा याचा निर्णय लावावा लागत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी विदर्भातील आणि नंतर सगळ्या महाराष्ट्रातील वस्त्यांनी जोहार टाकला, आणि तो टाकण्यासाठी कोणत्याही सरकारचा हुकूम निघाला नव्हता. ‘नाक’ प्रत्ययाची नावे गेली; घराघरांत भीमराव, यशवंत, गौतम, सिद्धार्थ, रमा अशी नावे आली. दोन पिढ्यांत एका समाजाने आपले नाव, अभिवादन आणि हाक ही तिन्ही बदलली, याला जगाच्या इतिहासात फार थोडी उदाहरणे सापडतील. मराठी भाषेच्या इतिहासकारांनी या घटनेला अद्याप तिच्या योग्यतेचे प्रकरण दिलेले नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर ‘दलित’ हा शब्द अशा ताठ मानेने उच्चारला की तो देशाच्या सगळ्या भाषांनी उचलला. तो वापरावा की नाही याविषयी आज त्याच समाजात मतभेद आहेत, आणि ते मतभेद त्या समाजाने आपसांत मिटविणे हेच योग्य आहे.

कायद्याची वाटचाल त्या मानाने थोडक्यात सांगता येते. समाजासमाजांत वैर पेटविणाऱ्या भाषणाला शिक्षा सांगणारे दंडसंहितेचे १५३अ हे कलम १८९८ मध्ये आले, म्हणजे टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्याच्या दुसऱ्याच वर्षी. परक्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी शांततेची चिंता अधिक होती, अपमानित माणसाची कमी. स्वतंत्र भारताच्या घटनेने सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि अठराव्याने रावबहादूर, रावसाहेब आदी किताब देणे बंद केले. हे दोन अनुच्छेद शेजारी शेजारी आहेत याचा मला नेहमी आनंद वाटतो. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा अपुरा ठरला, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांच्या देखत अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला हीन लेखण्याच्या हेतूने केलेला अपमान हा स्वतंत्र गुन्हा मानला. ज्या वर्तनाची गावकीने कधी नोंद घेतली नव्हती, ते पोलिसांच्या फिर्यादबुकात आले.

१९३८ ची चूक मात्र पुन्हा होऊ शकते, याचे प्रत्यंतर २०२३ च्या एप्रिलात आले. विधवांच्या नावापूर्वी ‘गंगाभागीरथी’ हे जुन्या मायन्यातील संबोधन लावावे, असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विभागाकडे पाठविला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि शासनाने तो राज्यभर अनुसरण्यास सांगितले होते. नवरा असणे-नसणे हे नावाच्या आधी लिहिले जाऊ नये, ही मागणी ज्या स्त्रियांची होती, त्यांना पवित्र नद्यांची नावे देऊन तेच वैधव्य पुन्हा नावाच्या आधी बसविले जात होते. स्त्रियांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि प्रस्ताव मागे पडला. चव्वेचाळीस वर्षे लागली नाहीत, काही दिवसांत काम झाले. एवढा फरक पडला, आणि तो लहान नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गावे, वस्त्या आणि रस्ते यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे त्यात सुचविले आहे. निर्णय स्तुत्य आहे, आणि टपालाच्या पत्त्यावर रोज आपली जात लिहावी लागणाऱ्या मुलांना त्याचे मोल विचारावे. पण ग्रामसभेत असा विषय येतो तेव्हा त्या वस्तीतील माणसे किती बोलतात आणि त्यांच्या वतीने इतर किती बोलतात, हे पाहिले पाहिजे. काही वस्त्यांना आपल्या आंबेडकरी इतिहासाशी जोडलेले नाव हवे असते आणि गावाला कोणाच्याही डोळ्यांत न भरणारे एखादे फुलाचे किंवा नदीचे नाव सोयीचे वाटते. अशा ठिकाणी ठराव वस्तीच्या शब्दाप्रमाणे व्हावा, गावाच्या सोयीप्रमाणे होऊ नये. जमिनीच्या जुन्या दफ्तरांत ‘महार वतन’ ही नोंद आहे ती तशीच राहू द्यावी, कारण तो हक्काचा आणि अन्यायाचा दोहोंचा पुरावा आहे आणि वतनी जमिनींचे दावे अजून न्यायालयांत चालू आहेत; वस्तीच्या पाटीवरचे, शाळेच्या हजेरीपटावरचे आणि शिधापत्रिकेवरचे नाव मात्र तेथे राहणाऱ्यांनी सांगितलेलेच असले पाहिजे, आणि ज्या ग्रामपंचायतीने ते अद्याप बदललेले नाही तिच्याकडे त्याची लेखी मागणी करण्याचा अधिकार त्या वस्तीतील प्रत्येकाला आहे.